मॅसीच्या डिझेल टाकीला पोचा पडलाय, टाकी न कापता निघेल का?

माळावरचा_मॅसी
३ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. घरी १९८४ चा मॅसी १०३५ ट्रॅक्टर. आबांनी, म्हणजे वडिलांनी, विहिरीजवळचं रान गहाण टाकून घेतलेला. शेजारी पन्नास एचपीचे नवे ट्रॅक्टर आलेत, तरी आमचा म्हातारा अजून कुळव, पेरणी आणि पाण्याचा टँकर ओढतो. तसा हल्ली उन्हात तास-दीड तास चालला की दम टाकतो, पाच मिनिटं थांबलं की परत चालू. पण तो वेगळा विषय, फिल्टर बदलायचा राहिलाय.

मृगाच्या आत रंग मारून घ्यावा म्हणून बॉनेट उचललं, तर डिझेल टाकीच्या वरच्या अंगाला हा मोठा पोचा. भाकरीच्या तव्याएवढा गोल, मध्ये दोन बोटं खोल. बाजूच्या पत्र्यावर तसाच, पण लहान. माझा पुतण्या परवा बॉनेट काढून काहीतरी खुडबूड करत होता. टाकीवर चढून बसला असणार किंवा पाना आपटला असणार. विचारलं तर "मी नाही काका" यापलीकडे तोंड उघडत नाही.

सोलापुरात एका डेंटिंगवाल्याला फोटो पाठवला. तो म्हणतो टाकी मागून कापू, आतून ठोकू, परत वेल्डिंग मारू. आबा कापू देईनात. बाजारात नवी टाकी मिळते, पण तिचा पत्रा हाताने दाबला तरी दबतो. न कापता पोचा काढायचा काही उपाय आहे का?

सात_रस्ता
३ मे, रात्री १०:०५

काय बे, एवढ्याशा पोच्याला एवढा मोठा धागा! सगळी भोकं बंद करायची, एका भोकाला पंक्चरवाल्याचा कंप्रेसर लावायचा, हवा सोडायची. टुक्कन बाहेर येतो. मोबाइलवर पन्नास व्हिडिओ आहेत.

हिशोबी
३ मे, रात्री १०:५०

सात रस्ता, व्हिडिओ करणारा जिवंत राहतो म्हणून त्याचा व्हिडिओ आपल्याला दिसतो.

टाकीचा वरचा पत्रा अंदाजे ६० बाय ४० सेंटिमीटर धरू. म्हणजे २४०० चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला फक्त १ किलो दाब दिला, तरी त्या एका पत्र्यावर २४०० किलो, म्हणजे अडीच टनाला थोडं कमी. अख्ख्या मॅसीचं वजन याहून कमी भरेल. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरला ७ किलो सहज असतात. तेवढा दाब गेला तर सतरा टनांच्या आसपास. टाकी काही बॉयलर नाही, ती पातळ पत्र्याची सपाट पेटी आहे. पोचा निघायच्या आधी टाकीचे चांगले अंग फुगून ढोल होईल, नाहीतर सांधा उसवेल. आणि दाबलेली हवा फाटते तेव्हा हळूच सुटत नाही, सुरुंगासारखी सुटते.

मी तंत्रनिकेतनात तीस वर्षं शिकवलं. काही मुलं अजून भेटतात आणि पहिल्यांदा आपली बोटं दाखवतात, सगळी आहेत म्हणून. तेवढंच समाधान.

गॅरेजवाला_अण्णा
४ मे, सकाळी ७:१५

हिशोबी सर बरोबर बोलले. माझं गॅरेज जुन्या पुणे नाक्याच्या बाजूला, वीस वर्षं झाली. त्यातून सांगतो, मालक, नीट ऐका बगा.

पोचा कसा काढायचा ते नंतर. आधी टाकी धुवायची कशी ते बघा. लोक म्हणतात डिझेल काडीनं पेटत नाही, मग भीती कसली? गार डिझेलची बादली काडीनं पेटत नाही हे खरं. पण डिझेलची वाफ ठिणगीनं पेटू शकते त्या तापमानाची (फ्लॅश पॉइंटची) आपल्याकडं किमान अट ३५ अंशांची आहे. आज सोलापुरात सावलीत ४२ आहे, उन्हात बॉनेटखाली किती असेल ते तुम्हीच सांगा. म्हणजे रिकाम्या टाकीत वाफ तयारच असते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, कारण आत वाफ पण आहे आणि हवा पण आहे. वेल्डिंगचा चटका लागला की सांध्याच्या घडीत अडकलेलं जुनं डिझेल पण वाफ होऊन बाहेर येतं. तुम्ही दोनदा धुतली तरी घडीतलं तसंच राहतं.

मी शिकाऊ असताना ज्या गॅरेजात होतो, तिथं ऑइलचा रिकामा ड्रम ग्राइंडरनं कापायला घेतला. कापणाऱ्याच्या डोक्यावरून झाकण उडालं, शेडचा सिमेंट पत्रा फोडून पलीकडच्या लिंबात अडकलं. माणूस वाचला. दोन दिवस त्याला ऐकू येत नव्हतं. झाकण आम्ही तसंच लिंबावर ठेवलं, नवीन पोरांना दाखवायला.

म्हणून:
टाकी उतरवा, डिझेल काढा. फ्लोट, कॉक, झाकण सगळं सोडवा. धुण्याचा सोडा आणि कपड्याची पावडर टाकून कडकडीत गरम पाणी भरा, हलवा, ओता. असं तीनदा तरी. मग तोंडापर्यंत पाणी भरून वाहतं ठेवा. वास पूर्ण जाईपर्यंत. मग झाकणं उघडी ठेवून उन्हात दोन दिवस. ऊन फुकट आहे आपल्याकडं, वापरा.

आणि ग्राइंडर, वेल्डिंग, गॅस, यातलं काही त्या टाकीजवळ आणू नका. आबा कापू देत नाहीत ना? आबांचं ऐका.

पाटावरचं_पाणी
४ मे, सकाळी ९:३०

अण्णा, आमच्याकडे टाकीला वेल्डिंग मारायच्या आधी चालू ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा धूर नळीनं टाकीत सोडतात. धुरानं हवा बाहेर जाते म्हणे. त्याने चालत नाही का?

हिशोबी
४ मे, सकाळी १०:१०

हा प्रश्न बरा विचारलात, कारण यात अर्धं सत्य आहे आणि तेच जीव घेतं. ती युक्ती पेट्रोल इंजिनाची. पेट्रोल इंजिन हवेतला प्राणवायू जवळजवळ सगळा जाळून टाकतं, त्यामुळे धुरात तो फारसा उरत नाही. डिझेल इंजिनाला हवेवर नियंत्रण नसतं. रिकामं फिरत असताना ते भरपूर हवा ओढतं आणि जाळतं थोडीच. म्हणजे डिझेलच्या सायलेन्सरमधून येणाऱ्या धुरात प्राणवायू भरपूर असतो. वर तो धूर गरम. तुम्ही टाकीत गरम हवा भरताय आणि समजताय की टाकी सुरक्षित झाली.

हुरडा_प्रेमी
४ मे, दुपारी १२:४५

आमचे आजोबा तोंड लहान असलेल्या भांड्याचा पोचा हरभरे भरून काढायचे. भांडं हरभऱ्यांनी गच्च भरायचं, पाणी घालायचं, झाकण बांधायचं. रात्रभर हरभरे फुगतात आणि पत्रा आतून रेटतात.

सात_रस्ता
४ मे, दुपारी १२:५२

४५ लिटरच्या टाकीत किती पोती हरभरा लागेल ओ? आणि सकाळी डिझेलच्या वासाची उसळ कोण खाणार?

दुसरं म्हणजे पाणी भरून गोठवा, बर्फ होताना पाणी जवळजवळ नऊ टक्के फुगतं, शाळेत शिकवलंय. फक्त त्यासाठी टाकी घेऊन काश्मीरला जावं लागेल.

गॅरेजवाला_अण्णा
४ मे, दुपारी १:१०

हसू नका, हरभऱ्याचं खरं आहे. तांब्याच्या कळशीला चालतं. टाकीत मात्र आत आडव्या पट्ट्या असतात, डिझेल हिंदकळू नये म्हणून. फुगलेला हरभरा त्यांच्यामध्ये अडकला तर मृगात टाकीतून कोंब येतील. पेरणी तिथंच.

तांबट_घरचा
४ मे, संध्याकाळी ६:२०

उशिरा येतोय, पण या विषयात आमच्या घराची तीन पिढ्यांची हाडं झिजली आहेत. आजोबा बार्शीत तांबटकाम आणि कल्हई करायचे. मी बँकेत गेलो, पण सुट्टीत त्यांच्याबरोबर भाता ओढलाय.

बाहेरून पोचा काढायची जुनी रीत म्हणजे डाख देऊन (कथील-शिसं वितळवून पत्र्याला तुकडे चिकटवून) ओढणं. ट्रॅक्टरची टाकी यासाठी चांगली, कारण जुन्या टाक्यांच्या पत्र्यावर बहुतेक वेळा कथील आणि शिसं यांचा लेप दिलेला असतो. साधा पत्रा डिझेलमधल्या पाण्याने आतून गंजला असता. त्या लेपावर डाख लोण्यासारखा धरतो. (त्याच कारणाने तिच्यावर वेल्डिंग मारलं तर शिशाची वाफ उठते. अण्णांच्या यादीत हे एक कारण वाढवा.)

रीत अशी. पोच्याच्या जागेवरचा रंग काढायचा, पॉलिश पेपरने हाताने. पत्रा चकचकीत दिसला पाहिजे. पितळी पट्टीचे लहान तुकडे करायचे, जुन्या आठ आण्यांएवढे, आणि प्रत्येकाचं एक टोक वर वाकवून त्याला भोक पाडायचं. ते तुकडे पत्र्याला डाखायचे. ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं असा डाख १९० अंशांच्या आतच वितळतो, म्हणजे वेल्डिंगच्या मानाने काहीच नाही. तरी माझी एक अट: टाकीजवळ ज्योत न्यायची नाही. तांब्याच्या जाड टोकाचा डाख द्यायचा ठोकळा दहा हात लांब शेगडीवर तापवायचा आणि नुसता ठोकळा टाकीजवळ आणायचा. टाकी अण्णांनी सांगितली तशी धुतलेली, वाळलेली, सगळी तोंडं उघडी. लोखंडाला डाख धरायला नवसागर किंवा जस्त घालून मारलेलं आम्ल लागतं. ते नंतर सोड्याच्या पाण्याने नीट धुवा, नाहीतर तिथेच गंज धरेल.

मग भोकात आकडा घालून ओढायचं. डेंटिंगवाल्यांकडे सरकत्या वजनाचा दांडा असतो, तो मागून घ्या. आता खरी मेख. मधोमध सर्वांत खोल जागा दिसते म्हणून लोक तिथेच पहिला हिसका देतात. चूक. पोचा पडताना मधला भाग आधी खाली जातो आणि कडेला मुडपा शेवटी पडतो. काढताना उलटं जायचं. आधी कडेचा मुडपा सोडवायचा, गोल गोल फिरत आत यायचं, मध्य सर्वांत शेवटी. एका हाताने ओढत असताना दुसऱ्या हाताने कडेच्या उंच कंगोऱ्यावर लाकडी हातोडीने हलके टिपके द्यायचे. टाकीखाली सोलापुरी चादरीची चार पदरी घडी घाला, म्हणजे खालचा पत्रा जखमी होत नाही. नवी नको, जुनी विटलेली.

काम झालं की तुकडे परत तापवून उतरवा. बारीक उंच-सखल राहील, ते मठारून निघत नसेल तर तिथे पातळ पुट्टी. जाड पुट्टी टाकीवर टिकत नाही, पत्रा थरथरतो आणि पापुद्रा सुटतो.

आजोबा म्हणायचे, पोचा ओढून काढायचा नसतो, त्याला परत जायला वाट द्यायची असते. मला तेव्हा ते काहीतरी अध्यात्म वाटायचं.

माळावरचा_मॅसी
९ मे, रात्री ८:३०

मंडळी, टाकी उतरवली. अण्णांच्या सांगण्याप्रमाणे चार वेळा धुतली. पहिल्या पाण्यात असा काळा चिखल निघाला की फिल्टर का तुंबतो ते कळलं. (दम टाकण्याचं कारण सापडलं, असं वाटतंय.) पण आत बॅटरी मारली तर तळाला लालभडक गंज. चाळीस वर्षांचं पाणी बसलंय तिथं. तांबटदादा, आधी पोचा की आधी गंज?

भीमाकाठ
९ मे, रात्री ९:१५

आधी गंज. पोचा काढताना पत्रा हलला की गंजाचे पापुद्रे सुटतात, नंतर ते गाळत बसावं लागतं.

आम्ही पंढरपूरच्या बाजूला. मी स्वतः ट्रॅक्टर चालवते, हे आधीच सांगते, नाहीतर "ताई, घरच्यांना विचारा" असा प्रतिसाद येतो. गंजाला आपल्याकडचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे मळी, साखर कारखान्यात उरणारा काळा पाक. एक भाग मळीत आठ-नऊ भाग पाणी, टाकीत भरायचं, आठ ते पंधरा दिवस विसरून जायचं. मळी गंज खाते, चांगल्या पत्र्याला फारसं काही करत नाही. आम्लाचं तसं नाही, लक्ष चुकलं तर ते पत्राही खातं. माझ्या सासऱ्यांचे पेरणीयंत्राचे गंजलेले फण मळीत बुडवून असे निघाले, जसे आज घडवले.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. मळी कारखान्यावरून अशी कॅनमधून सहज मिळत नाही, तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचा पहारा असतो. पशुखाद्याच्या दुकानात विचारा किंवा काकवी वापरा. दुसरं, वास येतो. म्हणजे खरंच येतो. तिसरं, मुंग्या.

सात_रस्ता
९ मे, रात्री ९:२२

काळा गूळ पाण्यात विरघळवला तर? दुकानात पाच किलो काळा गूळ मागितला की दुकानदार असा बघतो, जसा काय मी भट्टीच लावणार आहे.

पाटावरचं_पाणी
१० मे, सकाळी ८:००

एवढे दिवस नसतील तर लिंबूसत्त्वाचं पाणी, एका रात्रीत काम. मात्र काढल्यावर लगेच सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून, आतून डिझेल फिरवायचं. उघडा पत्रा सकाळी धुतला तर दुपारपर्यंत परत लाल होतो.

माळावरचा_मॅसी
२१ मे, रात्री ९:००

दहा दिवस काकवीचं पाणी ठेवलं. भीमाकाठ ताई, वासाचं तुम्ही कमीच सांगितलं होतं. आईने टाकी गोठ्यामागे न्यायला लावली आणि मुंग्यांनी अंगणातून थेट टाकीपर्यंत रस्ता काढला. पण आतून पत्रा राखाडी, स्वच्छ. मान गये.

मग रविवारी पोचा. डेंटिंगवाल्याकडून दांडा आणला, त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त "बघू तुमचं काय होतं ते" म्हणाला. पितळी तुकडे अकरा लावले. पहिले दोन सुटले, कारण मी रंग नीट काढला नव्हता. मग कडेने सुरू केलं, तांबटदादांनी सांगितलं तसं. चौथ्या-पाचव्या हिसक्याला पत्रा एकदम "डब्ब" करून वर आला. आबा बाजूच्या खाटेवर बसले होते, ते दचकले. बाजूचा लहान पोचा तर मी हात लावायच्या आधीच त्या धक्क्याने निघाला.

उद्या टाकी चढवतो. पुतण्याला काही बोललो नाही, पण बघितलं मात्र.

तांबट_घरचा
२१ मे, रात्री ९:४०

छान. पण एक खटकतंय. दोन बोटं खोल पोचा पाच हिसक्यांत, एका झटक्यात वर येणं चांगलं लक्षण नाही असं नाही, पण जरा विचित्र आहे. पाना आपटून पडलेला पोचा असा येत नाही. त्यात पत्रा ताणला जातो, मध्ये खरवड असते, तो कुरकुरत, रडत येतो. तुमचा तर डब्याच्या झाकणासारखा टुणकन आला. बोटाने दाबून बघा, परत आत जातो का.

माळावरचा_मॅसी
२५ मे, रात्री १०:३०

मंडळी, डोकं फिरलंय.

नवीन फिल्टर घातला, डिझेलच्या नळीतली एअर काढली, हातपंप मारमारून अंगठा सुजला. इंजिन एका दमात चालू. काल सकाळी कुळवायला नेला. दीड तास मस्त चालला आणि मग परत तेच, भार पडला की गुदमरायला लागला, बंद पडला. बॉनेट उचललं, आणि पोचा परत! त्याच जागी, तोच तवा. पुतण्या काल सोलापुरात परीक्षेला होता. घरात कुणी टाकीला हात लावला नाही. ही काय भानगड आहे?

भीमाकाठ
२५ मे, रात्री १०:५५

थांबा. दोन प्रश्न. पहिल्यांदा पोचा पडला होता तेव्हा त्याच्यावरचा रंग उडाला होता का? पाना आपटला तर ओरखडा असतो. आणि डिझेल भरायला झाकण उघडता तेव्हा "सूं" असा आवाज येतो का?

माझ्या फवारणीच्या पंपाच्या टाकीला असंच झालं होतं. झाकणातलं बारीक भोक चिखलाने बुजलं आणि फवारता फवारता प्लास्टिकची टाकी दोन्ही बाजूंनी आत गेली, जसं कुणी गालफडं चोखलीत.

हिशोबी
२५ मे, रात्री ११:३०

ताई, मी तीस वर्षं शिकवलं आणि हे मला पहिल्या दिवशी सुचलं नाही. लाज वाटते आणि आनंदही होतो.

मी पहिल्या प्रतिसादात दाब आतून बाहेर मोजला. आता बाहेरून आत मोजू. टाकीतलं डिझेल इंजिनाकडे जातं, तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती झाकणातल्या भोकातून येते. ते बंद असेल तर काय होतं? टाकी अर्धी भरलेली आहे, वर २२ लिटर हवा आहे असं धरू. त्यातून एक लिटरच्या वर थोडं डिझेल गेलं की तीच हवा जास्त जागेत पसरते आणि तिचा दाब ५ टक्के उतरतो. कुळवताना ३५ एचपीचा ट्रॅक्टर तासाला ३-४ लिटर खातो. म्हणजे वीस मिनिटांतच ही वेळ येते.

५ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं. बाहेरची हवा चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोने दाबते. तिचे ५ टक्के गुणिले तोच २४०० चौरस सेंटिमीटरचा पत्रा, म्हणजे १२० किलो. टाकीवर ज्वारीचं क्विंटलभराचं पोतं ठेवलं आणि वर वीस किलो, असं समजा. पत्रा बसणारच. आणि पुढे दाब उतरत गेला की डिझेल पंपालाही ओढता येत नाही, इंजिन उपाशी राहतं. तुमचा "तास-दीड तासाने दम टाकतो, थांबलं की परत चालू" हा वेगळा विषय नव्हताच. थांबल्यावर सांध्यांतून हळूहळू हवा आत शिरते, म्हणून परत चालू होतो.

त्यात आपला वळीव. उन्हात टाकीतली हवा ६० अंशांपर्यंत तापली आणि पावसाच्या सरीने ३० वर आली, तर नुसत्या त्यानेच दाब नऊ टक्के उतरतो, ट्रॅक्टर उभा असला तरी.

झाकण काढून बघा. आज रात्रीच.

गॅरेजवाला_अण्णा
२६ मे, सकाळी ६:५०

आणि आपण फिल्टरवरच विसंबून बसलो. मालक, झाकण बघा पटकन.

माळावरचा_मॅसी
२६ मे, सकाळी ८:१०

रात्रीच बघितलं, झोप कुठली लागायला.

रंगावर ओरखडा नव्हता. एकही नाही. मी फोटो काढले होते, त्यात स्पष्ट दिसतंय, आणि मी पुतण्यावर आळ घेऊन मोकळा झालो होतो. आवाजाचं आबांना विचारलं तर म्हणाले, "येतो की. सुस्कारा टाकल्यासारखा. दोन वर्षं झाली."

झाकण उलटं केलं. आत सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा, झाकणाच्या मापाचा, बेतशीर कापून बसवलेला. कडेला रबराची वाटी असावी तसा, पण मध्ये भोक नाही. झाकणाचं भोक बरोबर त्याच्याखाली. आबांनीच बसवला. गेल्याच्या गेल्या वर्षी वळवाचं पाणी भोकातून टाकीत गेलं, डिझेलमध्ये पाणी झालं आणि पंप दुरुस्तीला मोठा खर्च आला. तेव्हा त्यांनी तोंडच बंद करून टाकलं. त्यांचंही चूक कसं म्हणू?

तांबट_घरचा
२६ मे, सकाळी ९:००

म्हणून तो टुणकन आला. त्याला कुणी मारलंच नव्हतं, हवेने नुसतं दाबून धरलं होतं. पत्रा ताणलेला नाही, तर या वेळी डाखायचीही गरज पडणार नाही. हिशोबी सर, पाण्याने?

हिशोबी
२६ मे, सकाळी ९:४५

हो, पाणी. कंप्रेसर नाही. टाकी उतरवा, डिझेल काढून धुवा. मग पाण्याने तोंडापर्यंत भरा, आत हवा ठेवू नका. एका तोंडाला पारदर्शक नळी बसवा, बाकीची तोंडं बंद, नळीतही पाणी. आता नळी हळूहळू वर उचला. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला ०.१ किलो. म्हणजे त्या पत्र्यावर २४० किलो, आणि तो तुमच्या हाताच्या उंचीवर चालतो. हात खाली केला की दाब गेला. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे काही सुटलं तर पाणी सांडेल, सुरुंग उडणार नाही. एक मीटरच्या वर जाऊ नका, आणि पत्रा वर आला की लगेच नळी खाली.

माळावरचा_मॅसी
२८ मे, संध्याकाळी ७:३०

नळी माझ्या छातीपर्यंत आली तेव्हा "डब्ब". साधारण पाऊण मीटर असेल. दोन्ही पोचे एकाच वेळी. पुतण्यालाच नळी धरायला दिली होती. त्याला सॉरी म्हणालो, तर म्हणतो सॉरी नको, मोबाइलचं रिचार्ज मार.

टाकी दोन दिवस उन्हात ठेवली, शेवटी लिटरभर डिझेल फिरवून काढलं, पाण्याचा थेंब राहायला नको म्हणून. सांधे बघायला बाहेरून खडूची पूड फासून आत थोडं रॉकेल फिरवलं, कुठेही ओल फुटली नाही.

झाकणातला ट्यूबचा तुकडा काढून त्याची मधून भोक पाडलेली चकती केली, म्हणजे कडेने गळत नाही आणि हवाही जाते. झाकणाचं भोक बारीक तारेने साफ केलं. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून ट्रॅक्टर उभा असताना झाकणावर दुधाच्या पावडरीचा डबा उपडा घालतो. अण्णा, भोक मोठं करू का ड्रिलने?

गॅरेजवाला_अण्णा
२८ मे, रात्री ८:०५

अजिबात नको. जेवढं आहे तेवढंच. मोठं केलं तर आपल्या माळावरची धूळ सगळी टाकीत. ते भोक सर्व्हिसिंगच्या यादीत लिहून ठेवा, दर वेळी तार फिरवायची. आणि डबा काढायला विसरू नका, चालू ट्रॅक्टरवरून तो उडून कुणाच्या तरी डोक्यात बसेल.

भीमाकाठ
२८ मे, रात्री ८:२०

काकवीचं उरलेलं पाणी कुठे टाकलंत? जनावरांच्या वाटेवर नको, डिझेलचा अंश असतो त्यात.

माळावरचा_मॅसी
३० मे, रात्री ९:१०

बांधाच्या कडेला खड्डा करून पुरलं, ताई. मुंग्या अजून शोधतायत.

काल पाच तास कुळवला, एकदाही दम टाकला नाही. आबा खाट घेऊन बांधावर बसले होते. दर दोन फेऱ्यांनी मला थांबवून झाकण उघडायला लावायचे आणि कान लावून ऐकायचे. शेवटी म्हणाले, "आता सुस्कारा टाकत नाही." आणि उठून घरी गेले.

सात_रस्ता
३० मे, रात्री ९:१८

माझ्याकडे एक कंप्रेसर विकायचाय. कमी वापरलेला. कुणाला पाहिजे का?